गिलाव्यावरचं सातवं अक्षर

३ सप्टेंबर १९३७

शुशान जान,

नऊ वर्षांनी बापाचं अक्षर बघून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. मी आहे, तुती आहे, गच्चीवर वाळत घातलेले जर्दाळू आहेत. त्यातलेच थोडे पाठवतो आहे. पत्र टपालात टाकलं नाही. मुकुच आपल्या ट्रकमधून येरेवानला चीज नेतो, त्याच्या एका मडक्याच्या तळाशी मेणकापडात गुंडाळून ठेवलं आहे. मुकुच म्हणाला, "मास्तर, कागदाला खारट वास लागला तर पोरीला सांगा, बापाची आसवं आहेत म्हणून. चीजचं पाणी आहे असं सांगू नका, माझ्या मडक्याची बदनामी होईल." तो अजून असाच आहे. गावात आता विनोद करणारा तो एकटाच उरला, आणि तोसुद्धा इंजिन सुरू असतानाच करतो.

वाचून झालं की चुलीत घाल. आधी शेवटपर्यंत वाच, मग घाल.

लिहायचं कारण तसं काही नाही. देवळाचं कोठार झालं, एवढंच सांगायचं होतं. सामुदायिक शेतीचा गहू या वर्षी तिथे भरला आहे. घंटा आधीच नेली होती, पाद्रीबाबांना त्याच्याही आधी. उरलं होतं ते वेदीवरच्या कमानीतलं अक्षर. तुला आठवतं? तू माझ्या खांद्यावर बसून त्याच्याकडे बोट दाखवायचीस. उभा दांडा, त्याला आडवा हात. आपल्या आर्मेनियन लिपीच्या छत्तीस अक्षरांतलं सातवं, ए. एकटंच उभं राहून पूर्ण शब्द होणारं अक्षर. 'आहे.' कोण आहे ते सांगायची गरज आपल्या आज्यापणज्यांना कधी वाटली नाही.

तू सहा वर्षांची असताना मला विचारलं होतंस, अक्षरं आधी कुठे होती? मी वर्गात सांगायचो तीच गोष्ट तुला सांगितली. दीड हजार वर्षांपूर्वी एक गुरू प्रार्थनेला बसला असताना त्याला एक उजवा हात दिसला. तो हात खडकावर लिहीत होता आणि बर्फात पावलं उमटावीत तशी अक्षरं दगडात उमटत होती. पोरं या गोष्टीला नेहमी गप्प होत. तू मात्र म्हणालीस, "बाबा, त्या हाताला थंडी नाही वाजली?" मी तीस वर्षं शिकवलं, पण हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला नाही.

असो. वरून हुकूम आला की ते अक्षर काढून टाका. पुस्तकांतून ते पंधरा वर्षांपूर्वीच काढलं होतं, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत! दगडातून काढायचं राहिलं होतं. काम उस्ताद सेद्राककडे आलं, दुसरा पाथरवट आहे कुठे. छिन्नी लावायच्या आधी तो मला म्हणाला, "मास्तर, माझ्या खापरपणज्यानं कोरलं, मी तासतोय. घराण्याचं काम घराण्यातच राहिलं." दोन दिवस तासलं, वर चुन्याचा गिलावा दिला. आता भिंत अशी कोरी झाली आहे की बघताना डोळे चुरचुरतात. काम झाल्याचा कागद झाला. त्यावर शेतीचा अध्यक्ष गार्सेवान याने सही केली आणि साक्षीदार म्हणून मी.

सगळं ठीक आहे. तुझी मुलगी आता केवढी झाली?

तुझा बाप,
हमायाक


२१ सप्टेंबर

शुशान जान,

तुझं उत्तर आलं नाही. यायला हवंच असं नाही. पण मुकुच आज निघतो आहे आणि मला कोणाशी तरी बोलल्यावाचून राहवत नाही. इथे कोणी कोणाशी बोलत नाही. परवा झऱ्यावर पाच बाया घागरी भरत होत्या आणि फक्त पाण्याचा आवाज येत होता. आपल्या गावच्या बाया, शुशान! पूर्वी पाणी बंद पडलं तरी यांचा आवाज बंद पडत नसे.

उस्ताद सेद्राकला नेलं.

गेल्या मंगळवारी जिल्ह्याहून धान्य तपासणारा एक माणूस आला. पोती मोजली, गव्हात हात घालून वास घेतला, सगळं नीट होतं. निघता निघता तो वेदीच्या भिंतीपाशी थांबला. खाली उजव्या कोपऱ्यात, माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर, ओल्या गिलाव्यात कोणी तरी खिळ्याने चार अक्षरं ओढली होती. गिलावा ताजा होता तेव्हा दिसली नव्हती. कोठारात गहू ओतताना धूळ उडते, ती त्या रेघांत जाऊन बसली आणि अक्षरं उठून दिसायला लागली. र, ज, ल, ए.

तू लहानपणी थडग्यांवरची सालं बोटांवर सोडवायचीस, तुला सांगायला नको. र म्हणजे हजार, ज म्हणजे नऊशे, ल म्हणजे तीस, आणि सातवं अक्षर म्हणजे सात. एकोणीसशे सदतीस. चालू साल. आपल्याकडचा कुठलाही पाथरवट काम संपलं की कोपऱ्यात साल घालतो, मग ती पाणपोई असो की थडगं. बापजाद्यांची सवय. पण जे अक्षर तासायला दोन दिवस लागले, तेच त्याच भिंतीवर पुन्हा येऊन बसलं, खाली, कोपऱ्यात.

तो माणूस वाकून बराच वेळ बघत राहिला. मग गार्सेवानला म्हणाला, "कॉम्रेड अध्यक्ष, तुमच्या गावात थट्टा फार बारीक करतात."

गार्सेवानचा चेहरा त्या भिंतीसारखा झाला. माझा विद्यार्थी तो. पाढे म्हणताना अडकला की कानाची पाळी ओढायचा, तशीच ओढत होता. सेद्राकला बोलावलं. तो तसाच आला, हातांना चुना. "साल आहे साहेब. काम झालं की साल घालतो आम्ही."

"आणि हे कोणी सांगितलं घालायला?"

"सांगायचंय कोणी? माझ्याच डोक्यातलं."

"डोकं बरंच चालतं तुझं."

"डोकं नाही साहेब, हात चालतो," सेद्राक म्हणाला. कोणी हसलं नाही. मी तिथेच होतो, दारापाशी, पोत्यांच्या आडोशाला. सेद्राकने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली. त्याला गाडीत बसवलं. त्याची बायको हेरिकनाझ लवाशच्या पातळ रोट्या भाजत होती, तशीच पिठाच्या हातांनी धावत आली, पण तोवर धूळसुद्धा खाली बसली होती.

उस्तादला काय बुद्धी झाली कोण जाणे. म्हातारपणी माणसाचं चित्त थाऱ्यावर राहत नाही.

मी माझी जुनी पुस्तकं जाळायला काढली आहेत. एकदम जाळली तर धूर दिसतो, म्हणून रोज थोडी पानं तंदुरात घालतो. दुसरीच्या पुस्तकातली ती कविता आठवते का तुला? "पानांनो, हळू बोला, वाऱ्याला झोप लागली." ते पान काल गेलं. त्यावर भाजलेल्या लवाशला शाईचा वास येत होता. मी खाल्ला.

गाडीचा आवाज आला की मी मोजतो. आपल्या वळणावर गाडीला गिअर बदलावा लागतो. तो बदलून आवाज पुढे गेला की मग श्वास सोडतो. दिवसाकाठी तीन-चार गाड्या जातात.

बाबा


९ ऑक्टोबर

शुशान,

तुझी चिठ्ठी मिळाली. मुकुचने टोपीच्या अस्तरातून काढून दिली. नऊ वर्षांनंतर तीन ओळी. "मी बरी आहे. मुलगी आठ वर्षांची आहे. सेद्राककाकांना तर लिहिता-वाचता येत नव्हतं, मग साल त्यांना कोणी लिहून दिलं?"

पूर्वीही तू अशीच होतीस. मी फळ्यावर भलंमोठं गणित मांडायचो आणि तू मागच्या बाकावरून चुकलेल्या आकड्याकडे बोट दाखवायचीस.

मीच दिलं.

सेद्राकला एकही अक्षर वाचता येत नाही. चाळीस वर्षं त्याने गावातल्या मेलेल्यांची नावं दगडात कोरली आणि एकही त्याला वाचता आलं नाही. त्याच्यासाठी अक्षर म्हणजे वेलबुट्टीच. कुठे वळते, कुठे संपते एवढं बघायचं. शब्द मी कागदावर लिहून द्यायचो, तो दगडावर उतरवायचा. तुझ्या आईचा दगडसुद्धा आम्ही असाच केला. गिलावा संपला त्या दुपारी तो माझ्या अंगणात आला. मी तुतीखाली बसलो होतो. तो म्हणाला, "मास्तर, साल द्या." रस्त्याने जाणाऱ्याने पाणी मागावं तसं मागितलं. मीही तसंच दिलं. तंबाखूच्या पुडीचा कागद फाडला, र, ज, ल, ए लिहिलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. मी तेव्हा कुठल्या तरी कवितेची एक ओळ आठवत होतो. तीही नंतर आठवली नाही.

मला कळलंच नाही, शुशान. हे तू तरी खरं मान. मी काही शूरपणा केला नाही, भिंतीवर देवाला परत बसवलं नाही. साठ वर्षांचा हात आपोआप चालला. चालू साल लिहायचं म्हटलं की सातवं अक्षर आलंच. पुढच्या वर्षी हेच काम निघालं असतं तर आठवं आलं असतं आणि गावात काहीच घडलं नसतं.

अजून एक आहे. तेही लिहितो, नाही तर तू पुन्हा तीन ओळी पाठवशील.

सेद्राकला नेल्यानंतर सहा दिवसांनी गार्सेवान माझ्याकडे आला. एकटाच. बसला नाही.

"मास्तर, सेद्राकला वाचता येतं."

"कोण म्हणतं?"

"तो स्वतःच म्हणतोय तिथे. मीच लिहिलं, माझ्याच डोक्यातलं, असं. पण त्यांना खात्री पटेना. त्याच्यासमोर वर्तमानपत्र धरलं, तर म्हणे चष्मा घरी राहिलाय."

"त्याला चष्मा कधी होता?"

"मास्तर!" तो इतक्या हळू ओरडला की मला माझ्याच अंगणात परक्यासारखं वाटलं. "त्याला येत नसेल तर मग लिहिलं कोणी, हा प्रश्न येतो. हा प्रश्न आला की तुम्ही येता. तुम्ही आलात की त्या कागदावर तुमच्याशेजारी सही कोणाची आहे? मला चार पोरं आहेत. तुमची पोरगी येरेवानात सरकारी छापखान्यात आहे. तिचं काय करतील?" मग खिशातून कागद काढला. मजकूर तयार होता: मी, निवृत्त शिक्षक हमायाक, लिहून देतो की पाथरवट सेद्राक याला मी प्रौढांच्या वर्गात लिहायला-वाचायला शिकवलं.

"यानं त्याचं काय होईल?" मी विचारलं.

"त्याचं जे व्हायचं ते झालंच आहे. आता बाकीच्यांचं बघायचं."

मी वाचलं. दुसऱ्या ओळीत एक स्वल्पविराम राहिला होता. तो घातला आणि सही केली.

हे तुझी चिठ्ठी येण्याच्या आधीचं. नंतरचं असतं तर केली नसती, असं लिहिणार होतो. पण खरं काय ते मला ठाऊक नाही.

तेव्हापासून मला कोणी न्यायला येत नाही. गाड्या वळणावरून पुढे जातात. मी अजून मोजतो. आता आवाज पुढे गेला की मला वाटतं, हिच्यात तो असेल, कुठे तरी लांब नेत असतील, आणि माझ्या सहीच्या जोरावर तो तिथे वाचता येणारा माणूस म्हणून बसला असेल.

बाबा


१७ ऑक्टोबर

शुशान जान,

हे पत्र मडक्यात नाही, मुकुचच्या हातात आहे. मी त्याच्याच शेजारी बसून येणार आहे, म्हणजे जिल्ह्याच्या फाट्यापर्यंत. तिथे तो मला उतरवेल आणि पुढे तुझ्याकडे येईल. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मास्तर, जाऊन-येऊन असेल तर मी पैसे कमी घेतो, पण तुमचं तिकीट कसं लावू?" मग आत जाऊन माझ्यासाठी लोकरीचे मोजे घेऊन आला.

काय झालं ते सांगतो.

काल सकाळी हेरिकनाझ आली. महिनाभर तिने माझ्या दाराकडे बघितलंही नव्हतं. मी वेण्या घालून वाळवलेली रानभाजी उतरवत होतो. मागून आवाज आला, "मास्तर, तुम्ही बरे दिसता. छान झोप लागते वाटतं."

मी म्हटलं, "ये, बस."

"बसते कशाला? बसणारे बसलेत तिथे." तिने डोक्यावरच्या रुमालाच्या गाठीतून तंबाखूच्या कागदाचा तुकडा काढला. चार अक्षरं, माझी. माझा ल जरा डावीकडे झुकतो. तू त्याला म्हातारा ल म्हणायचीस. "त्याच्या कामाच्या कोटाच्या खिशात होता. कोट घरीच राहिला. झडतीला आले तेव्हा मी तो अंगात घातला होता."

मी हात पुढे केला नाही.

"मला वाचता येत नाही," ती म्हणाली, "पण चाळीस वर्षं तुमचे कागद मी त्याच्या खिशातून धुवायच्या आधी काढून ठेवलेत. कोणाचा हात आहे ते मला कळतं. हा मी त्या गार्सेवानच्या तोंडावर मारू शकले असते. जिल्ह्याला नेऊ शकले असते. रोज सकाळी निघायचे आणि झऱ्यापासून परत फिरायचे."

"का?"

"कारण तो मूर्ख आहे. झडतीला त्याला बरोबर आणलं होतं, परत गाडीत चढताना माझ्या कानात काय म्हणाला माहीत आहे? मला वाटलं, कोट मागेल, तंबाखू मागेल. म्हणाला, मास्तरला म्हणावं, काळजी करू नका, मी माझंच म्हणून सांगेन. त्यांनी चाळीस वर्षं फुकट लिहून दिलं." तिचा आवाज तिथे फाटला. "फुकट! ऐकलंत? त्या फुकटाची किंमत आता तो भरतोय. घ्या. जाळा, नाही तर घेऊन जा. माझ्या घरात हे नको."

कागद वेणीच्या भाजीवर ठेवून ती गेली.

दिवसभर तो माझ्यासमोर होता. तंदूर पेटलेला होता, शुशान. मी दोनदा उठलो. खोटं कशाला सांगू, दोन्ही वेळा जाळायलाच उठलो होतो. मला फार भीती वाटते. जेवण उतरत नाही. कुठल्या भिंतीशी उभं करतील की रेल्वेत घालून लांब पाठवतील, थंडीत माझे गुडघे चालतील का, असले विचार येतात. मी आयुष्यभर पोरांना धीराच्या कविता पाठ करून घेतल्या आणि त्यातली एकही काल आठवली नाही.

मग माझ्या मनात आलं की सेद्राक तिथे बसून वाचता येत असल्याचं सोंग करतो आहे. ते त्याच्यासमोर कागद धरत असतील. त्यावर काय लिहिलं आहे हे कळत नसताना तो मान डोलावत असेल, हो म्हणत असेल, अंगठ्याऐवजी काही तरी ओढत असेल. मी त्याला चाळीस वर्षांत वाचायला शिकवलं नाही. एका गावात, तीन अंगणं सोडून, शाळामास्तर आणि पाथरवट! त्याने कधी मागितलं नाही आणि मलाही सुचलं नाही. तो इतकं सुंदर कोरायचा की मला वाटायचं, याला वाचायची काय गरज. ते कागद त्याला एकदा तरी कोणी मोठ्याने वाचून दाखवायला हवेत.

म्हणून जातो आहे. तंबाखूचा कागद नेतो आहे. तिथे त्यांच्यासमोर तीच चार अक्षरं पुन्हा लिहून दाखवीन, त्यांना हात पटेल. मी दिलेला दाखला खोटा होता असंही लिहून देईन. गार्सेवानचं नाव घेणार नाही. तो सुटेल का? मला माहीत नाही. कदाचित दोघंही राहू. मुकुच म्हणतो, हल्ली ते कोणाला परत देत नाहीत, फक्त भर घालतात. पण निदान त्याच्या डोक्यावरचं माझं ओझं उतरेल.

आता तुझं. नीट वाच, हाच भाग महत्त्वाचा आहे.

नऊ वर्षांपूर्वी तू पहिल्यांदा स्वतःच्या हाताने खिळे जुळवून छापलेलं पुस्तक घेऊन माझ्याकडे आली होतीस. पोरांचं बालबोध पुस्तक. मी पान उलटलं, सातव्या जागी ते अक्षर दिसलं नाही, आणि तुझ्या नवऱ्यादेखत मी ते तंदुरात टाकलं. तू पोटुशी होतीस. मी तेव्हा फार मोठं काही तरी करतो आहे असं मला वाटलं होतं. शेजाऱ्यांनी ते पाहिलं, सगळ्या गावाला माहीत आहे. आज त्याचा उपयोग होईल. तुमचं-आमचं पटत नव्हतं, नऊ वर्षं येणंजाणं नव्हतं, हे कोणीही सांगेल. गार्सेवानसुद्धा सांगेल, त्याला एवढं काम मी सोपवलं आहे.

पण तेवढं पुरणार नाही. लोक वर्तमानपत्रात जाहीर निवेदन देतात तसं तुला द्यावं लागेल. मी बुधवारी तिथे पोचेन. पहिले दोन-तीन दिवस ते मला नुसतं बसवून ठेवतील. शनिवारच्या अंकात यायला हवं. तुझ्याच छापखान्यात तो अंक छापतात, जागा मिळेल. जुळवायला दुसऱ्या कोणाला देऊ नकोस, तू स्वतः जुळव, म्हणजे नावात चूक होणार नाही. मजकूर मी तयार केला आहे:

"मी, शुशान, छापखान्यातील कामगार, जाहीर करते की निवृत्त शिक्षक हमायाक हे माझे वडील असले तरी त्यांच्या जुनाट आणि शत्रुत्वाच्या विचारांशी माझा काही संबंध नाही. सन १९२८ मध्ये त्यांनी नव्या शाळेचे पुस्तक माझ्यासमोर जाळले, त्या दिवसापासून मी त्यांच्याशी सर्व संबंध तोडले आहेत. माझे वडील म्हणून मी त्यांना ओळखत नाही. माझ्या मुलीने त्यांना कधी पाहिलेले नाही."

शेवटचं वाक्य खरं आहे. ते काढू नकोस, खऱ्या वाक्याचा आधार बाकीच्यांना होतो.

बाकी मजकूर मला जरा मऊ वाटतो. मऊ लिहिलेल्यावर ते विश्वास ठेवत नाहीत. 'विचारांशी' च्या आधी एखादा कडक शब्द घाल. आणि 'माझे वडील' हे दोनदा आलं आहे. दोन्ही ठिकाणी 'तो माणूस' असं कर. मी तीन कागद वाया घालवले, मला ते जमलं नाही.

बाबा